प्राणिसंचय आणि प्राणिबचाव

प्राणिसंचय : सांभाळता येतील त्यापेक्षा जास्त कुत्री, मांजरे वा इतर प्राणी जमवणे, त्यांच्या खाण्यापिण्याची, स्वच्छतेची व औषधपाण्याची किमान सोयही न होणे, आणि प्राण्यांची, घराची व स्वतःची दुर्दशा समोर असूनही ती न दिसणे किंवा मान्य न करणे, अशी अवस्था. यातली शेवटची अट महत्त्वाची. ओढाताण कोणाचीही होते. पण ती ज्याला कळते तो मदत मागतो, नवे पिल्लू घेणे काही दिवस थांबवतो. संचयाच्या अवस्थेला पोहोचलेला माणूस त्याच संध्याकाळी आणखी एक पिल्लू पिशवीतून घरी आणतो.

संख्येवरून निदान होत नाही. पंचवीस मांजरांचे घर नीटनेटके असू शकते आणि सहा मांजरांचे घर कोलमडलेले असू शकते. तरीही शेजारपाजारचे लोक, वार्ताहर आणि पुष्कळदा पोलीसही पहिला प्रश्न ‘किती?’ असाच विचारतात.

या प्रकाराला इंग्रजीत अ‍ॅनिमल होर्डिंग म्हणतात. मराठीत होर्डिंग म्हटले की चौकातला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक डोळ्यांपुढे येतो, आणि ‘साठेबाजी’ म्हटले की कांदा दडवून भाव चढण्याची वाट पाहणारा व्यापारी. इथे दोन्ही गैरलागू. या घरांत बहुधा नफा नसतो, असलेली पेन्शन कुत्र्यांच्या भातात आणि डॉक्टरांच्या बिलात गेलेली असते. म्हणून या नोंदीत ‘संचय’ हा त्यातल्या त्यात सौम्य शब्द वापरला आहे.

व्याख्या कशी ठरली

न्यूयॉर्क शहरात खूप प्राणी बाळगणाऱ्या लोकांचा डूली वर्थ आणि अ‍ॅलन बेक यांनी केलेला अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर बरीच वर्षे हा विषय ‘वेडसर म्हातारी आणि तिची मांजरे’ या थट्टेतच राहिला. १९९७ मध्ये अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या परिसरात पशुवैद्य, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि कायद्याचे जाणकार यांचा एक गट जमला. त्यातील पशुवैद्य गॅरी पॅट्रोनेक यांनी १९९९ मध्ये ५४ प्रकरणांची छाननी करून वर दिलेली व्याख्या मांडली. त्या प्रकरणांत प्राण्यांच्या संख्येचा मध्यक ३९ होता. चार ठिकाणी शंभरहून अधिक प्राणी होते. तीन-चतुर्थांश प्रकरणांत त्या व्यक्ती स्त्रिया होत्या आणि जवळजवळ निम्म्यांचे वय साठ किंवा अधिक होते. सुमारे ८० टक्के ठिकाणी मेलेले किंवा गंभीर आजारी प्राणी सापडले. निम्म्याहून अधिक व्यक्ती ‘इथे काही बिघडले आहे’ हेच मानायला तयार नव्हत्या.

हे आकडे तक्रार झालेल्या प्रकरणांचे आहेत, हे विसरू नये. एकट्या राहणाऱ्या बाईच्या घराचा वास शेजाऱ्यांना लवकर येतो. शेतावर चाळीस कुत्री ठेवणाऱ्या पुरुषाची तक्रार करायला तिथे शेजारीच नसतो.

पॅट्रोनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा व्यक्तींचे तीन प्रकार सांगितले. पहिला, परिस्थितीने दबून गेलेला पालक : आजारपण, वैधव्य, नोकरी जाणे अशा एखाद्या आघातानंतर त्याच्या हातून सगळे निसटते. दुसरा, तारणहार : आपल्याशिवाय या जिवांना कोणी नाही अशी त्याची खात्री असते. तिसरा, शोषक : प्राणी त्याच्यासाठी देणग्या आणि मोठेपणा मिळवण्याचे साधन असतात. तिसऱ्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, तो लबाडीचाच एक प्रकार. या नोंदीचा खरा विषय दुसरा प्रकार, कारण तो बचावकार्यातूनच जन्माला येतो आणि बराच काळ बचावकार्यासारखाच दिसतो.

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत संचयविकाराला स्वतंत्र स्थान मिळाले आणि प्राणिसंचयाचा उल्लेख त्याच्याशी निगडित प्रकार म्हणून आला. मात्र जुनी वर्तमानपत्रे साठवणारा आणि मांजरे साठवणारा यांना एकाच मापाने मोजावे का, याविषयी मतभेद आहेत. वर्तमानपत्रांना पार्वो (कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग) होत नाही, आणि त्यांना पिल्लेही होत नाहीत.

आवक आणि जावक

बचावकार्य आणि संचय यांमधली रेषा शोधायची तर सरकारी कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीची कल्पना उपयोगी पडते. चांगल्या बचावकर्त्याकडे प्राणी येतो, बरा होतो, त्याची नसबंदी व लसीकरण होते, आणि तो दत्तक जातो किंवा आपल्या गल्लीत परत जातो. संचयाच्या घरात आवक चालू असते आणि जावक थांबलेली असते, ही पहिली कसोटी. आठवड्याला दोन पिल्ले येत असतील आणि एकच दत्तक जात असेल, तर वर्षाअखेरीस घरात ५२ प्राणी वाढलेले असतात. यात कोणाचे काही चुकलेले दिसत नाही. प्रत्येक आठवड्याचा निर्णय दयेचाच असतो.

जावक थांबण्याचे पहिले लक्षण बोलण्यात सापडते. दत्तक मागायला आलेल्या माणसांत खोट निघू लागते. हा भाड्याच्या घरात राहतो, त्यांच्याकडे लहान मूल आहे, ती बाई दिवसभर कामावर असते. होम चेक करणे योग्यच, पण वर्षभरात एकही घर पसंत पडले नाही, तर घरांमध्ये दोष कमी आणि हात सोडवत नाही हे कारण जास्त, असे समजायला हरकत नाही. बचावकर्त्यांच्या बोलीत यासाठी ‘पर्मनंट फोस्टर’, म्हणजे कायमचा झालेला तात्पुरता सांभाळ, असा गोड शब्द आहे.

दुसरी कसोटी वेळेची. अमेरिकेतील आश्रयस्थानांत एका प्राण्याच्या साफसफाईला आणि खाऊ घालण्याला मिळून दिवसाला निदान १५ मिनिटे धरतात. आश्रयस्थानांच्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हाच हिशेब आहे. या दराने चाळीस प्राण्यांना दहा तास लागतात. पॅट्रोनेक यांचा ३९ हा मध्यक इथे एकदम जिवंत होतो : एकट्या माणसाचा जागेपणीचा बहुतेक दिवस नुसत्या झाडूपोछ्यात आणि ताटल्यांत गेला. औषधे, कुरवाळणे, दत्तकासाठी फोन, स्वतःचे जेवण हे सगळे अजून बाकीच. आश्रयस्थाने चालवणारे याला सांभाळण्याची क्षमता म्हणतात, आणि ती पिंजऱ्यांच्या संख्येवर नव्हे, माणसांच्या तासांवर मोजतात.

तिसरी कसोटी नसबंदीची. मांजर पाच-सहा महिन्यांत वयात येते, नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे नसबंदी न केलेल्या मांजरांच्या घरात बाहेरून एकही प्राणी आला नाही तरी आवक चालूच राहते. नसबंदीला पैसे नाहीत म्हणून थांबलेला माणूस आणि ‘निसर्गाच्या विरुद्ध जायचे नाही’ म्हणून थांबलेला माणूस यांची घरे वर्षभराने सारखीच दिसतात.

रोगांचेही तसेच. नवा प्राणी आला की त्याला दोन आठवडे वेगळे ठेवावे, असा साधा नियम आहे. गर्दीच्या घरात त्यासाठी राखलेल्या बाथरूममध्ये आधीच कोणीतरी असते. मग कुत्र्यांत पार्वो आणि डिस्टेंपर, मांजरांत पॅनल्यूकोपेनिया आणि सर्दी-पडशाचे विषाणू, सगळ्यांत खरूज व गोचिडी पसरतात. मांजरांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया कोंडतो. पाहुण्याच्या डोळ्यांत दारातच पाणी येते, पण घरच्या माणसाचे नाक सरावलेले असते. म्हणूनच बाहेरच्या माणसाला घरात येऊ देणे ही चौथी कसोटी मानता येईल, आणि ती सर्वांत सोपी. ज्याच्याकडे डॉक्टर, स्वयंसेवक आणि दत्तक घेणारे उंबऱ्याच्या आत येतात, त्याचे बिघडलेले कोणीतरी वेळेत सांगते. प्राण्यांना दाराबाहेर, रस्त्यावर किंवा गाडीत दाखवण्याची वेळ आली की काळजी वाटावी.

खोके

या माणसांवर लिहिताना एक गोष्ट नेहमी सुटते. संचय घडवण्यात गावाचाही हात असतो. एखाद्या वस्तीत मांजरवाल्या काकू म्हणून कोणाची ओळख झाली की सकाळी त्यांच्या फाटकाशी खोके सापडू लागते, आत फडक्यात गुंडाळलेली, डोळे न उघडलेली पिल्ले. बदली झालेले लोक कुत्रे बांधून जातात. ‘तुम्ही एवढे करता, मग हे एक घ्या ना’, असे फोन येतात, आणि फोन करणारा नंतर पाच किलो तांदूळही पाठवत नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्या बचावकर्त्याला निर्दयी म्हटले जाते. तोच माणूस सगळ्यांना होकार देत गेला आणि घर कोलमडले, की तक्रारीच्या अर्जावर त्याच सोसायटीतल्या सह्या असतात.

तारणहाराची भीती देशोदेशी वेगळी असते. अमेरिकेत सरकारी आश्रयस्थानात गेलेल्या कुत्र्याला इंजेक्शन देऊन मारले जाण्याची शक्यता खरी असते, त्यामुळे ‘मी घेतले नाही तर ते मरेल’ या वाक्याला तिथे आधार आहे. भारतात २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांपासून निरोगी भटक्या कुत्र्यांना पालिकेने मारण्याला मनाई आहे. नसबंदी व रेबीजची लस देऊन त्यांना जिथून उचलले तिथेच सोडायचे असते. २०२३ च्या नव्या नियमांतही हे सूत्र कायम राहिले. म्हणजे गल्लीत जेवण मिळणारे, कानाला नसबंदीची खूण असलेले, धडधाकट कुत्रे घरात आणून बांधणे हा बचाव म्हणता येत नाही. पण गाडीखाली येणे, विष घालणे, दगड मारणे हे रोज दिसत असेल तर हा युक्तिवाद मनाला पटत नाही, हेही समजण्यासारखे आहे.

संस्थांची जुनी परंपरा

आलेल्या जिवाला नाही म्हणायचे नाही, ही वृत्ती आपल्याकडे पांजरपोळांच्या रूपाने संस्थाबद्ध झाली. मुंबईत १८३२ मध्ये इंग्रज सरकारच्या भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी लोकांनी दंगल केली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेदजी जिजीभाई आणि जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. चेंबूरमधल्या पांजरपोळ या नाक्याचे नावही याच संस्थेच्या जागेवरून आले. पांजरपोळ प्राण्याला मरेपर्यंत ठेवते, म्हणजे जावक तिथेही जवळपास नाहीच. तरी तिला संचय म्हणता येत नाही : विश्वस्त असतात, हिशेब असतो, शहराबाहेर जागा असते, आणि सारे ओझे एका माणसाच्या पाठीवर नसते. ही व्यवस्था ढिली पडली की संस्थासुद्धा त्याच वाटेने जातात. फ्लॉरिडातील कॅबूडल रँच या मांजरांच्या आश्रयस्थानाला देशभरातून देणग्या येत होत्या, तिथे मांजरांसाठी रंगीत छोटी घरे बांधलेली होती. २०१२ मध्ये तिथून जवळपास ७०० मांजरे ताब्यात घ्यावी लागली आणि त्यांतली पुष्कळ आजारी निघाली.

याच्या शेजारी गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा ठेवून पाहावे. १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी माडिया लोकांच्या शिकारीत आई मेलेली पिल्ले सांभाळायला घेतली. बिबटे, अस्वले, माकडे अंगणात वाढली. संख्या आणि जाती पाहता बाहेरच्याला धास्ती वाटावी असेच ते घर होते. पण ते पाहायला येणाऱ्यांची कधी वाण पडली नाही, पुढे सरकारी नियमही लागू झाले, आणि प्राण्यांना हाताळण्याच्या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले. आक्षेप घेता येणे, हेच इथे मुद्द्याचे.

कायदा

भारतात प्राणिसंचय हा वेगळा गुन्हा नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २००१ मध्ये अशी व्याख्या कायद्यात आणली आणि दोषी व्यक्तीच्या मानसिक तपासणीची सोय केली. आपल्याकडे १९६० च्या प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचे कलम ११ लावतात : अपुऱ्या जागेत कोंडणे, अन्नपाणी व निवारा न देणे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कलम २९ खाली दोषी मालकाची मालकी काढून घेता येते व त्याला प्राणी बाळगण्यास मनाईही करता येते. दयेपोटी बुडालेला आणि मुद्दाम छळणारा यांत कायदा फरक करत नाही.

प्रत्यक्षात प्रकरणे बहुधा क्रौर्याच्या नव्हे, उपद्रवाच्या वाटेने बाहेर येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात हडपसरच्या एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे असल्याचे उघड झाले ते शेजाऱ्यांच्या वास आणि आवाजाच्या तक्रारींमुळे. महापालिकेने मांजरे हलवण्याची नोटीस दिली. बातम्यांचा सगळा भर तीनशे या आकड्यावर होता. किती मांजरांची नसबंदी झाली होती, हा प्रश्न मागे पडला.

सगळे प्राणी एका दिवसात उचलून नेले की प्रश्न सुटत नाही, असा जगभरचा अनुभव आहे. उपचार आणि देखरेख नसेल तर तीच व्यक्ती पुन्हा जमवू लागते, काही वेळा दुसऱ्या गावी जाऊन. त्यामुळे जाणकार कार्यकर्ते हळूहळू काम करतात : आधी सगळ्यांची नसबंदी, मग आजारी प्राणी बाहेर, मग दत्तकयोग्य, आणि शेवटी दोन-तीन म्हातारी मांजरे त्या माणसाकडेच ठेवून महिन्याला एक फेरी. याला वर्ष-दीड वर्ष लागते आणि त्यात फोटो काढण्यासारखे काही नसते.

जप्तीच झाली तर प्राणी जातात कुठे, तर जवळच्या पांजरपोळीत किंवा एखाद्या खासगी शेल्टरमध्ये, जिथे बहुधा आधीच जागा नसते. जप्त प्राण्यांच्या देखभालीविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार त्यांचा खर्च मालकाकडून घ्यायचा असतो, पण मालकाकडे पैसे उरलेले नसतात. मालकीचा निकाल लागेपर्यंत त्यांना दत्तकही देता येत नाही. पोलिसांच्या कागदांत ती कुत्री-मांजरे मुद्देमाल म्हणून नोंदलेली असतात.