फॉरमॅट किती दिवसांनी मारायचा?

"वर्ष झालं, आता फॉरमॅट मारून द्या," असं म्हणत रोज कुणीतरी काउंटरवर सीपीयू ठेवतं. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. त्याचे पैसे आम्हालाच मिळतात, तरी सांगतो: याला स्कूटरच्या सर्व्हिसिंगसारखं वेळापत्रक नाही.

ही सवय विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळातली. तेव्हा सॉफ्टवेअर टाकून-काढून सिस्टीममध्ये इतका कचरा साठायचा की फॉरमॅट मारणं सोपं पडायचं. विंडोज १० किंवा ११ नीट वापरलं, तर मशीन भंगारात जाईपर्यंत पुन्हा टाकावं लागत नाही.

मग मशीन रडत-रडत का चालतं? आमच्याकडे येणाऱ्या जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा दोष फिरत्या हार्ड डिस्कचा निघतो. नवं विंडोज टाकलं की आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. त्याऐवजी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. जुनी डिस्क ठीक असेल तर तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरतं (क्लोन होतं), फॉरमॅटचा प्रश्नच येत नाही. कधी सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असतो, कधी ४ जीबी रॅमवर क्रोमच्या वीस टॅब उघड्या. आणि धूळ! रस्त्यालगतच्या दुकानातला सीपीयू उघडला की पंख्यावर गोधडी सापडते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तिथे ब्लोअर लागतो, विंडोजची सीडी नाही.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर मशीन बंद करा आणि तसंच आणा. घरी कुणा भाच्याकडून फॉरमॅट मारून घेऊ नका. नवं विंडोज जुन्या फाइलींवरच लिहिलं जातं.

व्हायरस घुसला किंवा सेकंडहँड मशीन घेतलं, तर मात्र फॉरमॅट माराच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेच पुन्हा टाकून सुरक्षा अपडेट परत येत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, ते तुमच्या मशीनमध्ये आहे का हे आम्ही पाहून सांगू.

मशीन आणण्याआधी "डेस्कटॉपवरचं घेतलं, झालं" असं म्हणू नका. टॅलीचा डेटा, आउटलुकची पीएसटी फाइल (ईमेल त्यातच असतात), श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, हे सगळं नंतर आठवतं. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर डिस्क काढून डेटा घ्यायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, म्हणून त्याचा पासवर्ड आठवून या. मशीनसोबत आलेलं मूळ विंडोज त्याच मशीनवर टाकल्यावर इंटरनेट जोडताच आपोआप अ‍ॅक्टिवेट होतं, नवी की विकत घ्यायची नाही.

दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांनी ११ आणि २० तारखेच्या तोंडावर मशीन आणू नये. त्यात आमचंही रिटर्न असतं.