विद्युतचुंबकीय प्रवर्तन

तारेच्या वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय फ्लक्स, म्हणजे त्यातून जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचे एकूण प्रमाण, बदलत असेल, तर त्या वेटोळ्यात विद्युतचालक बल, म्हणजे धारा वाहायला लावणारा व्होल्टमध्ये मोजला जाणारा विद्युतदाब, निर्माण होते. या घटनेला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. मंडल पूर्ण असेल तर त्यातून धारा वाहते. चुंबक कितीही जोरदार असो, तो वेटोळ्यात नुसता ठेवून दिला तर काहीच घडत नाही. सगळे काही बदलावर अवलंबून आहे.

ही साधी वाटणारी गोष्ट लक्षात यायला अकरा वर्षे लागली. विद्युतधारेने चुंबकसूची हलते, हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले. मग चुंबकापासून वीज का मिळू नये, असा प्रश्न अनेकांना पडला. १८२५ मध्ये जिनिव्हाच्या कोलाडाँ यांनी प्रयोग तर अगदी बरोबर मांडला. पण चुंबकाचा परिणाम होऊ नये म्हणून गॅल्व्हानोमीटर, म्हणजे धारा काट्याने दाखवणारे उपकरण, शेजारच्या खोलीत ठेवले. चुंबक वेटोळ्यात सारून ते तिथे जाऊन पाहीपर्यंत काटा शून्यावर परतलेला असे. खबरदारीच नडली म्हणायची!

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी एका लोखंडी कड्यावर दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी जोडताक्षणी दुसऱ्याजवळची सूची थरथरली आणि स्थिर झाली. बॅटरी तोडली तेव्हा ती पुन्हा हलली, पण उलट दिशेने. मधल्या काळात धारा अखंड वाहत असूनही सूची ढिम्म होती. ते कडे म्हणजे आजच्या रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) पूर्वजच. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनाही स्वतंत्रपणे हाच शोध लागला; मात्र प्रसिद्धी आधी फॅरेडे यांच्या निष्कर्षांना मिळाली.

फ्लक्स जितक्या झपाट्याने बदलेल आणि वेढे जितके जास्त, तितके विद्युतचालक बल अधिक. २०० वेढ्यांच्या वेटोळ्यातला फ्लक्स ०.१ सेकंदात एकसमान गतीने ०.०००५ वेबरने (वेबर हे फ्लक्सचे एकक) बदलला, तर १ व्होल्ट मिळतो.

दिशा ठरते ती १८३४ मधल्या लेंझ यांच्या नियमाने: प्रवर्तित धारा ज्या बदलामुळे निर्माण झाली, त्यालाच विरोध करते. एक मीटर उंचीवरून सोडलेला खडा सुमारे ०.४५ सेकंदात खाली येतो. पण तितक्याच लांबीच्या, जाड भिंतीच्या तांब्याच्या नळीतून नळीत जेमतेम मावणारा शक्तिशाली चुंबक सोडला, तर तो काही सेकंद रेंगाळत उतरतो. तांब्याला चुंबक चिकटत नाही, तरीही! नळीच्या भिंतीत उठणाऱ्या भोवरा धारा, म्हणजे धातूतच गोल फिरणाऱ्या प्रवर्तित धारा, त्याला अडवतात आणि त्याची गमावलेली स्थितिज ऊर्जा उष्णतेच्या रूपाने नळीत उतरते.

जनित्रात वेटोळे किंवा चुंबक फिरवून हाच परिणाम अखंड मिळवतात. रोहित्रात काहीच फिरत नाही, सतत दिशा बदलणारी प्रत्यावर्ती धाराच (एसी) फ्लक्स बदलत ठेवते. त्याचा गाभा सलग लोखंडाचा न करता एकमेकांपासून विलग केलेल्या पातळ पत्र्यांचा करतात, कारण भोवरा धारांमुळे ऊर्जा वाया जाते. इंडक्शन शेगडीत मात्र हीच हानी हवी असते. तिथे भोवरा धारा भांड्याच्या तळात उठतात आणि तळ तापतो. वरची काच गरम होते ती केवळ भांड्याच्या उष्णतेने.