फेरपालटीतलं मिश्र कुरण

वावरात दोन ते चार वर्षं नेहमीचं पीक न घेता गवतं, द्विदल चारा आणि खोल मुळांच्या वनस्पती एकत्र पेरायच्या, त्यावर जनावरं चारायची नाहीतर कापून वैरण करायची, आणि मग नांगरून परत पीक घ्यायचं, अशी ही पद्धत. पडीक ठेवणं वेगळं, त्यात जे उगवेल ते उगवतं, इथं बी विकत आणून पेरतात.

इंग्लंडात अशा कुरणाला 'ले' म्हणतात. हा शब्द कुरणवाचक 'ली'चाच दुसरा उच्चार असं सरसकट सांगतात, पण जुन्या इंग्रजीत बहुधा दोन वेगळे शब्द होते, एक रानातल्या मोकळ्या जागेसाठी आणि एक न नांगरलेल्या जमिनीसाठी, पुढे उच्चार जवळ आल्याने सरमिसळ झाली. अर्थ बघता दुसरं मूळ जास्त पटतं.

सुरुवातीबद्दलही वाद आहेच. नांगरट आणि कुरण आलटून पालटून घेणं इंग्लंडात साधारण १६ व्या शतकापासून वाढलं असं मानतात. इतिहासकार एरिक केरिज यांनी १९६७ साली तिथल्या कृषिक्रांतीचा कणाच हा आहे असं मांडलं, बऱ्याच जणांना ते जरा जास्तच वाटतं. मिश्रणात चिकोरी, बर्नेट, यारो वगैरे खोल मुळांच्या वनस्पती घालायचं श्रेय स्कॉटलंडच्या सीमाभागातल्या रॉबर्ट एलियटला देतात, त्याने १८९८ च्या सुमारास क्लिफ्टन पार्कमधले प्रयोग छापले. आधी म्हैसुरात कॉफीचा मळेवाला होता हा माणूस, आणि नाव झालं ते कॉफीत मिसळतात त्या चिकोरीमुळे! पण त्याला या पद्धतीचा जनक म्हणणं बरोबर नाही, नवीन होतं ते मिश्रण. पुढे गवतांचे अभ्यासक जॉर्ज स्टेपल्डन यांनी वेल्समध्ये हा विषय लावून धरला.

हे कुरण जमिनीत काम कसं करतं? द्विदलांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, गवताची बारीक मुळं मातीचे कण बांधतात, सोटमूळवाल्या वनस्पती खालच्या घट्ट थरात शिरतात, आणि नांगर थांबल्याने गांडुळं वाढतात. अशा जमिनीतलं कुदळभर ढेकूळ हातात घेतलं तर रवाळ फुटतं. नागपूरकडच्या काळ्या कपाशीच्या मातीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच चिकट होऊन पाणी धरून बसते, त्यामुळे लसूणघास तिथं पाणी साचलं की मरतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या अशाच भारी मातीत गोकर्ण पेरतात, आपल्या कुंपणावरची निळ्या फुलांची वेल तीच. हलक्या मुरमाड जमिनीला स्टायलो हा द्विदल चारा, जोडीला मारवेल किंवा पवना गवत.

विदर्भात याला जवळचा शब्द बेवड, म्हणजे मागच्या पिकाचा जमिनीवर राहिलेला परिणाम. तुरीचं बेवड चांगलं हे कोणीही सांगेल. पण बेवड एका हंगामाचं, कुरण काही वर्षांचं, आणि दोन-तीन एकरवाल्याला तेवढी वर्षं कपाशी-सोयाबीन सोडणं परवडत नाही. शिवाय पिकं निघाली की सगळ्यांची जनावरं सगळीकडे फिरतात, मग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कुंपण नसेल तर कुरण गावाचंच.

नांगरल्यावर नत्र पटकन मोकळा होतो, लगेच पीक नसेल तर पावसात झिरपून जातो. ओल्या कोवळ्या द्विदलावर उपाशी जनावर सोडलं की पोटफुगी होते, म्हणून आधी कुटार, म्हणजे सुका भुसा, खाऊ घालून मगच सोडतात.