ग्रिश्टबाम: नाताळच्या झाडाचं बोलीतलं नाव

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकात येऊन वसलेल्या जर्मन कुटुंबांची बोली अजून बोलली जाते. बोलणारे तिला ‘डाइच’ म्हणतात. नाताळच्या झाडाला या बोलीत शब्द आहे ‘ग्रिश्टबाम’. प्रमाण जर्मनमध्ये तोच ‘क्रिस्टबाउम’, म्हणजे ख्रिस्ताचं झाड. ‘क’चा ‘ग’, ‘स्ट’चा ‘श्ट’, ‘बाउम’चा ‘बाम’ हे सगळं अमेरिकेत गेल्यावर बिघडलं असं वाटू शकतं. तसं नाही. ऱ्हाइन नदीकाठच्या फाल्त्स भागात लोक असंच बोलत. उच्चार त्यांनी गावाहूनच नेले.

झाडाची प्रथा मात्र त्याच नदीच्या वरच्या अंगाला, आल्सास प्रांतात, आधीपासून दिसते, आणि तिथे नाव वेगळंच आहे. सेलेस्टा गावच्या 1521 सालच्या हिशेबात एक खर्च टाकलेला आहे: 21 डिसेंबरच्या सेंट थॉमस दिनाला ‘मेयन’ राखण्यासाठी वनरक्षकाला चार शिलिंग. लोक जंगलातून झाडं तोडून नेत, म्हणून ही राखण. पण ‘मेयन’ हा शब्द तर मे महिन्यावरून आलेला! वसंतात दारी लावायचा हिरवा डहाळा तो मेयन, आणि ऐन हिवाळ्यात आणलेल्या झाडालाही तेच नाव. मला या साऱ्या कहाणीतली सर्वांत गोड गोष्ट हीच वाटते. स्विस जर्मनमध्ये ‘माये’ म्हणजे आजही फुलांचा गुच्छ.

1605 च्या सुमारास आल्सासमधल्याच स्ट्रासबुर्ग शहरात आलेल्या एका प्रवाशाने लिहून ठेवलं, की लोक घरात ‘डानेनबॉइम’ उभे करून त्यांवर कागदी गुलाब, सफरचंदं आणि साखरेच्या वस्तू टांगतात. प्रमाण शब्द ‘टानेनबॉइमे’, फरची झाडं. इथे ‘ट’चा ‘ड’ झाला, तिकडे ‘क’चा ‘ग’. ऱ्हाइनकाठच्या बोलींची मऊ व्यंजनांची खोड तीच.

आपण ‘नाताळ’ पोर्तुगिजांकडून घेतला, तसा अमेरिकेतल्या इंग्रजीनेही या लोकांकडून एक शब्द उचलला. ‘क्रिस्टकिंडल’, म्हणजे भेटवस्तू आणणारा बाळख्रिस्त, तिथे ‘क्रिस क्रिंगल’ झाला आणि पुढे चक्क सांताक्लॉजचं दुसरं नाव होऊन बसला.

‘डाइच’ आज सर्वाधिक टिकून आहे ती आमिश या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या वळणाच्या कुटुंबांत. त्यांच्यातले बहुतेक जण नाताळात घरी झाड लावतच नाहीत.