‘एका भाजीपुरती होऊ दे’ म्हणून थांबू नका

(आमच्या नर्सरीतून बियाणं, रोपं, पिशव्या आणि माती नेलेल्या सर्वांसाठी)

पावसाळ्यात आमचा फोन मुख्यतः दोन कारणांनी वाजतो. एक, ‘कोथिंबीर का देत नाही?’ आणि दुसरं, ‘तुमची भेंडी निबर येते, बियाणं खराब आहे.’ पहिल्याचं उत्तर चार ओळींत संपतं, ते पुढे दिलं आहे. हे पत्रक छापायची वेळ आली ती दुसऱ्यामुळे.

मागच्या श्रावणात परळच्या एका ताईंचा असाच फोन आला. भेंडी चिरताना सुरी अडकते म्हणाल्या. आमच्याकडे माणसं मोजून तीन. भाचा गोराईहून बोटीने खाडी ओलांडून बोरिवलीला, तिथून लोकलने परळला, आणि लिफ्ट बंद म्हणून चार जिने चढून वर पोचला. झाडं बघतो तर पाहत राहावीत अशी. सहाच्या सहा पिशव्यांत कंबरेएवढी वाढलेली, आणि प्रत्येक झाडावर वीत-वीतभर लांबीच्या भेंड्या लटकलेल्या. ताई म्हणाल्या, ‘रोज दोन-तीनच दिसायच्या हो. चौघांना पुरेल एवढ्या झाल्या की एकदम काढू म्हटलं.’

त्यांचं काही चुकलं असं त्यांना वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मंडईतून पाव किलोच्या मापाने भाजी आणणाऱ्या कोणालाही तसंच वाटेल. पण भाच्याचा अर्धा दिवस गेला, ताईंच्या भेंड्या गेल्या, आणि झाडानेही फुलं धरायची कमी केली होती. असे फेरे गेल्या पावसाळ्यात किती झाले ते मी मोजलेले नाहीत. मोजले तर नर्सरी बंद करून खाडीत मासे धरायला जावंसं वाटेल.

तर भेंडीचं गणित असं. पिवळं फूल उमलल्यापासून साधारण चार ते सहा दिवसांत शेंग काढायला येते, बोटभर लांबीची. त्यानंतर ती लांब होते, पण चव वाढत नाही, दोरा वाढतो. आणि झाडाचं लक्ष बी पिकवण्याकडे लागलं की नवी फुलं मागे पडतात. म्हणजे तुम्ही वाट बघता त्या दिवसांत हातातली भेंडी निबर होते आणि पुढची येत नाही. म्हणून दिवसाआड बघायचं. शेंडा दोन बोटांत धरून वाकवा. टचकन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर उशीर झाला. ओढून काढू नका, कात्रीने देठ कापा. बी जूनमध्ये लावा आणि भेंडी जून होऊ देऊ नका, एवढं लक्षात ठेवलंत तरी चालेल.

हेच थोड्याफार फरकाने गवारीला आणि चवळीच्या शेंगांना लागू. तोंडली राहून गेली की आत लाल होते. शिराळं कोवळं असताना नखाने सालीला सहज ओरखडा पडतो, तेव्हाच काढा. घोसाळं मात्र विसरलात तर तसंच वेलीवर वाळू द्या, अंग घासायला होतं. (गिऱ्हाइकांना हे इतकं आवडलंय की आता काहीजण मुद्दाम विसरतात.)

पालेभाजीला काढणी म्हणजे उपटणं नव्हे. लाल माठ पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत तयार होतो, तो बुडाशी दोन-तीन पानं ठेवून वरून खुडा, बाजूने फुटवे येतात आणि तीनेक वेळा तरी हाताशी लागतो. मुळासकट काढलात तर तो एकदाचाच. पालकाची बाहेरची पानं घ्या, मधला कोंभ राहू द्या. मेथीचं मात्र उलट. ती दाट पेरून पंधरा दिवसांच्या आत सगळीच्या सगळी कापायची. समुद्रमेथीच्या त्या बोटभर जुड्या आपण मुंबईकर लहानपणापासून बघत आलोय, किनाऱ्याच्या वाळूत वाढवलेल्या. घरी उथळ ट्रेमध्ये वाळू आणि थोडं गांडूळखत घातलंत की अगदी तशीच येते. त्यासाठी खोल कुंडी घेऊ नका, आमच्याकडची सुद्धा.

मग दोन भेंड्यांचं करायचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. सहा पिशव्यांतून दिवसाआड आठ-दहा भेंड्या निघतात, मूठभर माठ निघतो, एखादं शिराळं. मंडईच्या हिशोबाने ही भाजीच नव्हे. पण माझी आजी वाडीतून परडी घेऊन फिरायची तेव्हा ‘आज कसली भाजी’ हे घरातून ठरवून निघायची नाही. परडीत काय पडलं ते बघून चूल पेटायची. चार भेंड्या, अर्धं पडवळ, दोन माठाचे देठ, सगळं एकत्र.

आपल्याकडे याची एक भाजी तर देवाच्या नावावर नोंदवलेली आहे. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने लावलेलं, परसातलं खायचं. अळू, माठाचे देठ, भेंडी, शिराळं, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, आंबटाला अंबाडे किंवा चिंच, वरून ओलं खोबरं. आमच्याकडे तिला फोडणी देत नाहीत, हिरवी मिरची तेवढी. कुठलीच भाजी पुरेशी नसते म्हणूनच ती चांगली लागते. ती भाजी वर्षातून एकदाच का करायची, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या घरी ती आठवड्याला होते, फक्त तेव्हा तिला ऋषी म्हणत नाही. थंडीत हेच काम भोगीची भाजी करते, पावटा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, तिळाचं कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी.

रोजच्यासाठी सांगते. चार-पाच भेंड्या असतील तर ताकाची कढी करा. भेंडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आधी तेलावर परतून चिकटपणा घालवायचा, मीठ तेव्हा नको, आणि कढी उकळायच्या बेताला आली की त्यात सोडायचे. आधीपासून घालून शिजवलेत तर कढीला तार येते. सात-आठ गवारी चिंचगुळाच्या आमटीत. मूठभर माठ लसणाच्या फोडणीवर टाकून भिजवलेली मूगडाळ पेरली की तिघांच्या ताटात वाढण्याजोगा होतो. मेथी अगदीच चिमूटभर असेल तर थालीपिठात. मायाळूची दहा पानं म्हणजे दहा भजी, पावसात दुपारी एवढी पुरतात. शेवग्याची फांदी कोणाच्या गच्चीवर असेल तर गोकुळाष्टमीच्या पाल्याच्या भाजीसाठी शेंड्याची कोवळी पानं खुडा. मालवणकडची मंडळी तिच्यासोबत आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार केल्याशिवाय सोडत नाहीत.

भोपळ्याच्या वेलीबद्दलही दर वर्षी तक्रार येते, ‘फुलं येतात आणि गळतात.’ ती सुरुवातीची फुलं बहुतेक नर असतात. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा दिसतो, नराच्या मागे नुसता लांब देठ. वरच्या मजल्यावर मधमाशा कमी येत असतील तर सकाळी एक नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. बाकीची नर फुलं बेसनात बुडवून तळा. गळायची वाट कशाला बघता?

आणि ज्यांना एका जातीची अख्खी भाजीच हवी आहे, त्यांच्यासाठी एकच सूचना: भाजी झाडावर जमवू नका, फ्रीजमध्ये जमवा. भेंडी न धुता, कोरडी, कापडी पिशवीत किंवा कागदात गुंडाळून ठेवलीत की तीन-चार दिवस छान राहते. दोन काढण्या जमल्या की पाव किलोच्या आसपास होतात. धुवून ठेवलेली बुळबुळीत होते, ती तक्रार कृपा करून आमच्या खात्यावर मांडू नका.

मुळा जमिनीत राहून भेंडाळला, म्हणजे आतून पोकळ झाला, तरी वाया गेला म्हणू नका. तसाच ठेवा, फुलं येऊन शेंगा धरतील. त्या डिंगऱ्या. कोवळ्या असताना परतून भाजी करा. काहीजण आता मुळ्यासाठी नाही, डिंगऱ्यांसाठीच बी नेतात.

दोन गोष्टींत मात्र गंमत नाही. अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. चिरताना हाताला तेल किंवा चिंचेचं पाणी लावा, भाजीत चिंच, आंबट चुका किंवा कोकम घालाच, आणि पूर्ण मऊ शिजवा. आम्ही देतो ते खायचं अळू. सोसायटीच्या बागेत तशाच पानांची शोभेची झाडं असतात, ती ‘एकच तर आहे’ म्हणून कुकरमध्ये घालू नका. दुसरं, घरचा दुधी चिरला की कच्ची फोड जिभेला लावून बघा आणि थुंकून टाका. कडू लागला तर सगळा फेकून द्या. तो कडूपणा शिजवून जात नाही आणि असा दुधी, त्यातही त्याचा रस, माणसाला इस्पितळात पोचवू शकतो. काकडीचा देठाकडचा कडूपणा आपण घासून काढतो, तसला हा प्रकार नव्हे.

आता कोथिंबीर. मुंबईच्या जुलैच्या पावसात ती आडवी होते, मुळं कुजतात, आणि शेडखाली घेतलीत तर ऊन मिळत नाही. आम्ही ती दसरा-दिवाळीच्या सुमाराला पेरायला देतो, धणे हलकेच रगडून दोन फाका केलेले. टोमॅटो, पालक, मुळा, वालपापडी हेही तेव्हाच. फ्लॉवरची रोपं जूनमध्ये कुठेतरी मिळतातही, जानेवारी-फेब्रुवारीत राणीच्या बागेतल्या प्रदर्शनात पाहिलेला तो फ्लॉवर डोक्यात असतो, म्हणून लोक घेतातही. आम्ही देत नाही. गिऱ्हाईक त्या दिवशी नाराज होऊन जातं, पण ऑक्टोबरमध्ये परत येतं, हा अनुभव आहे.

तसंच, रोप देण्याआधी ‘खिडकी कुठल्या दिशेला?’ हे आम्ही विचारतो, तेव्हा काहींना चौकशी केल्यासारखं वाटतं. पण भेंडी, टोमॅटो, मिरची यांना दिवसाचं पाच-सहा तास ऊन लागतं. समोर टॉवर उभा राहिला असेल आणि तीनच तास ऊन येत असेल तर माठ, मायाळू, पुदिना, गवती चहा आणि अळू न्या. यात आमची विक्री कमी होते, तुमचे पैसे वाचतात. आमची रोपं रस्त्यावरच्या गाडीपेक्षा महाग आहेत हे मान्य. पण त्यात पहिल्या हंगामाचा फोनवरचा सल्ला धरलेला आहे, आणि तो बरेचजण पुरेपूर वसूल करतात.

यंदापासून घरी येऊन बघण्याचे वेगळे पैसे आकारणार आहोत. बियाण्यात किंवा मातीत खरंच दोष निघाला तर ते परत, शिवाय नवं बी मोफत. त्याआधी तीन फोटो पाठवा: अख्खं झाड, पानाची खालची बाजू, आणि काढलेली भेंडी तळहातावर ठेवून. सोबत शेवटची काढणी कोणत्या दिवशी केली ते लिहा. ‘आठवत नाही’ असं लिहिलंत तरी आम्हाला उत्तर कळतं.

दसऱ्यानंतरच्या रोपांची नोंदणी अनंत चतुर्दशीनंतर सुरू होईल. पिशव्या जुन्याच चालतात. माती प्लॅस्टिकवर पसरून दोन-तीन दिवस उन्हात टाका, मूठभर शेणखत मिसळा, नवी माती विकत घ्यायची गरज नाही. पैसे भरताना पावतीवर खिडकीची दिशा लिहायला विसरू नका.