खोती पद्धत

कोकण किनाऱ्यावरील रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत आलेली महसूलवसुलीची व्यवस्था. गावाचा सारा सरकारात भरण्याची हमी घेणारा तो खोत; त्याबदल्यात कुळांकडून (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांकडून) धान्यरूपाने वसुली करण्याचा अधिकार त्याला मिळे. वसुली एका हमीदारावर सोपवून मोकळे व्हावे, हा मूळ विचार राज्यकर्त्याच्या सोयीचा होता. त्यात मालकी नव्हती, मक्ता होता. पण हक्क वंशपरंपरेने चालू लागला तसा मक्तेदार मालकासारखा वागू लागला. १८८० च्या खोती कायद्याने वहिवाटदार कुळांच्या हक्कांची नोंद झाली, तरी गावातील खोताची जरब ओसरली नाही.

भातजमिनीच्या पिकाचा अर्धा हिस्सा (अर्धेल) आणि वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवरील नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा (तिर्धेल) खोताला देण्याची प्रथा सर्वसाधारण होती. पीक उभे असतानाच उत्पन्नाचा अंदाज बांधला जाई, त्याला अभावणी म्हणत. अंदाज चढा लागला तर तूट कुळाच्या अंगावर पडे. याखेरीज खोताच्या शेतावर वेठीने राबावे लागे ते वेगळेच. कुळाने स्वतःच्या खर्चाने बांध घातला, खत ओतले, तरी वाढलेल्या भाताचा निम्मा वाटा दुसऱ्याच्या कणगीत जाणार. आणि जमीन आपल्याकडे राहील याची शाश्वती नसताना, ज्याच्या फळासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते ते आंब्याचे कलम त्याने कोणत्या भरवशावर लावावे? कोकणी शेतकऱ्यावर आळसाचा शिक्का मारणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला दिसत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत कोकणी माणूस मोठ्या संख्येने गेला, त्यामागे अपुऱ्या जमिनीइतकाच हा वाटाही होता. मागे राहिलेल्या बायकांनी लावणी-कापणी सांभाळली आणि घर मनीऑर्डरीवर तगले.

अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी कसणेच थांबवले. आसपासच्या गावांसह हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे, टिकला. शेतावर जगणाऱ्यांनी शेत पडीक ठेवून लाकूडफाट्यावर आणि मिळेल त्या मजुरीवर गुजराण केली, हा निर्धार असामान्य म्हणावा लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. १९३९ मध्ये कूळ कायदा झाला, १९४८ मध्ये त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली आणि १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली.

रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीने १९९० नंतर कोकणातील वरकस डोंगरउतारांवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. मात्र जेथे सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांची नावे एकत्र आहेत आणि त्यांतील बरेच मुंबईत आहेत, तेथे संमतीअभावी जमीन आजही पडून राहते.