नागपूर महानगरपालिका निवडणुकीतील उमेदवारी

नागपूर महानगरपालिकेत नगरसेवक म्हणून निवडून जाण्यासाठी एखाद्या प्रभागातील ठरावीक जागेवर अर्ज भरून निवडणूक लढवणे म्हणजे उमेदवारी. कायद्यात निवडून आलेल्याला ‘पालिका सदस्य’ म्हटले आहे, पण बोलताना हा शब्द कोणी वापरत नाही. अर्ज भरेपर्यंत माणूस ‘इच्छुक’ असतो, चौकातल्या फलकावर ‘भावी नगरसेवक’ असतो आणि छाननीतून अर्ज सुटला की उमेदवार होतो. यांतली इच्छुकाची अवस्था सर्वांत लांब. कित्येकांची ती कधी संपतच नाही.

नागपुरात नगरपालिका १८६४ मध्ये आली, महानगरपालिका २ मार्च १९५१ रोजी. पहिले महापौर बॅरिस्टर शेषराव वानखेडे. मुंबईच्या क्रिकेट स्टेडियमला नाव आहे ते हेच. शहराला १९४८ चा स्वतःचा वेगळा कायदा होता. २०१२ मध्ये तो रद्द होऊन राज्यातील इतर महापालिकांचा १९४९ चा कायदा इथेही लागू झाला. निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. उमेदवाराचे किमान वय २१, म्हणजे विधानसभेपेक्षा चार वर्षांनी कमी. १९९२ मध्ये नगरसेवक आणि १९९७ मध्ये महापौर झालेल्या देवेंद्र फडणवीसांचे उदाहरण प्रत्येक तरुण इच्छुक देतो.

उमेदवारीचे सगळे गणित प्रभागाच्या आकारावर बसते. २०१२ मध्ये १४५ जागा होत्या आणि प्रभाग दोन सदस्यांचे होते. २०१७ पासून जागा १५१ आणि प्रभाग ३८ आहेत: ३७ प्रभागांत चार-चार सदस्य, एकात तीन. २०११ च्या जनगणनेतली २४ लाखांवरची लोकसंख्या यात वाटली तर एका प्रभागाच्या वाट्याला ६० हजारांहून जास्त माणसे येतात. प्रभागातल्या जागा अ, ब, क, ड अशा असतात आणि मतदान यंत्रावरच्या मतपत्रिकेचा रंगही त्याप्रमाणे बदलतो: पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा. मतदाराने चार वेळा बटण दाबायचे. त्यामुळे पक्षाचे चौघे ‘पॅनल’ म्हणून एकत्र फिरतात, एकाच रिक्षावर भोंगा लावतात आणि खर्चाच्या वाटणीवरून तितक्याच मनापासून भांडतात. बहुतेक पॅनलमध्ये एक चालणारा असतो आणि तिघे त्याच्या मागे चालतात. कोण कोणाच्या मागे, हे मात्र निकालापर्यंत चौघांनाही मान्य नसते.

या रचनेत खरा मार बसतो अपक्षाला. त्याची विनंती ठरलेली: ‘तीन कोणालेही द्या भाऊ, एक मले द्या.’ मतदाराला हे पटले तरी यंत्रापाशी उभे राहून चार रंगांत त्याचे एकटे चिन्ह शोधणे सोपे नसते. २०१७ मध्ये १५१ पैकी भाजपला १०८, काँग्रेसला २९ आणि बसपला १० जागा मिळाल्या. अपक्ष निवडून आला तो एकच. गल्लीच्या ओळखीवर निवडून येणारा माणूस या पद्धतीने जवळजवळ संपवला आहे.

उमेदवारीचा पहिला निकाल आरक्षण सोडतीच्या दिवशीच लागतो. १५१ पैकी ७६ जागा महिलांच्या, ३० अनुसूचित जातींच्या, १२ अनुसूचित जमातींच्या. इतर मागासवर्गाच्या जागा धरता नागपुरात आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाते. त्यामुळे चंद्रपूरप्रमाणे इथली निवडणूकही सर्वोच्च न्यायालयाच्या अंतिम निकालाच्या अधीन राहिली. चार वर्षे गणपतीच्या वर्गण्या आणि नळाच्या तक्रारी निस्तरलेल्या भाऊंची जागा सोडतीत महिलांसाठी निघाली की आठवड्यात फलक बदलतो: भाऊंचा फोटो तसाच मोठा राहतो आणि शेजारी वहिनींचा येतो.

राखीव जागेवर लढणाऱ्याला जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. वैधता हाती नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा जोडून मुदत मिळवावी लागते. मुदतीत ते आले नाही तर निवडून आलेलेही पद जाते. नागपुरात या मुद्द्याला खास धार आहे ती हलबा-कोष्टी समाजामुळे. विणकरांच्या या जुन्या वस्त्या मध्य नागपुरात आहेत. कोष्टींना ‘हलबा’ या अनुसूचित जमातीत धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००० मध्ये दिला. तेव्हापासून या भागात जमातीच्या राखीव जागेवरची उमेदवारी म्हणजे प्रचाराइतकीच वकिलाची धावपळ.

बाकी कागदांची यादी लांब आहे, पण अडकवणारे थोडेच. उमेदवाराचे नाव शहराच्या मतदार यादीत कुठेही असले तरी चालते. सूचक आणि अनुमोदक मात्र त्याच प्रभागाचे मतदार हवेत. मालमत्ता कर व पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला हवा, आणि तो मिळवताना भाऊबंदांच्या सामाईक घराचा जुना कर वर येतो. शौचालय वापराचा दाखला, मालमत्ता आणि गुन्ह्यांचे शपथपत्र, निवडणूक खर्चासाठी वेगळे बँक खाते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेला माणूस अपात्र. महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असला किंवा स्वतःचे बांधकाम अनधिकृत ठरले तरी उमेदवारी जाते. अनामत ५,००० रुपये, राखीव प्रवर्गासाठी निम्मी. ती कोणाला जड जात नाही.

जड जातो तो एबी फॉर्म. पक्षाने कोणाला सही करण्याचा अधिकार दिला आहे आणि त्याने कोणाला उमेदवार ठरवले आहे, हे सांगणारी ही कागदांची जोडी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडावी लागते. पक्ष मुद्दाम उशीर करतात, म्हणजे नाराजाला दुसऱ्या पक्षात जायला वेळ उरत नाही. त्या दिवशी झोन कार्यालयाबाहेर, धरमपेठ असो की आशीनगर, दृश्य सारखेच: पानठेल्यावर गर्दी, रस्त्याच्या कडेला गुलाल आणि ढोल तयार, आणि इच्छुक मात्र आत बाकावर, अर्ज भरून, मांडीवर फाईल घेऊन, दर दोन मिनिटांनी फोन बघत. ‘तिकीट कोणाले भेटून राह्यलं?’ एवढाच प्रश्न. मग कोणीतरी दुचाकीवरून उतरतो, जॅकेटच्या आतून प्लॅस्टिकचा फोल्डर काढतो आणि धावत आत जातो. ढोल वाजतो. फोल्डर दुसऱ्याच्या नावाचा निघाला तर आधीच भरलेला अर्ज अपक्ष म्हणून उरतो आणि माघारीच्या दिवसापर्यंत त्या माणसाला फार भाव येतो.

गेल्या निवडणुकीचे वेळापत्रक पाहिले की घाई कळते. अर्ज २३ ते ३० डिसेंबर २०२५, छाननी ३१ डिसेंबर, माघार २ जानेवारी २०२६ पर्यंत, चिन्हे ३ जानेवारीला, मतदान १५ ला, मोजणी १६ ला. म्हणजे चिन्ह हाती आल्यावर साठ हजारांच्या प्रभागाला फार तर दहा-अकरा दिवस. तेही संक्रांतीच्या तोंडावर, जेव्हा अर्धे नागपूर गच्चीवर पतंगाच्या मागे असते. पदयात्रा खालून आणि ‘ओ काट’ वरून. त्याआधीचा काळ मात्र संपता संपत नव्हता. सभागृहाची मुदत ४ मार्च २०२२ रोजी संपली आणि पुढे जवळपास चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. घराघरांतला गाळ काढायला उतरले त्यांत माजी होते आणि भावीही. फोटो दोघांनीही काढून ठेवले.

प्रचारात विचारले जाते ते ले-आऊटबद्दल, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडून उभ्या राहिलेल्या वस्त्यांबद्दल. गुंठेवारीतली ‘५७२’ आणि ‘१९००’ ही ले-आऊटची संख्या नागपूरकराला तोंडपाठ असते. नियमितीकरण, त्यासाठी भरायच्या पैशांची डिमांड नोट, रस्ता, गडर लाइन म्हणजे सांडपाण्याची वाहिनी. यातले बरेच काम वर्षानुवर्षे नागपूर सुधार प्रन्यासच्या, म्हणजे नासुप्रच्या दप्तरात असते, महापालिकेच्या नाही. हे उमेदवाराला माहीत असते, बहुतेक मतदारालाही माहीत असते. आश्वासन तरी द्यावेच लागते.

नागपूरसाठी खर्चाची मर्यादा १५ लाख रुपये आहे. चहा, खुर्ची, मंडप, समोसा यांचे दर प्रशासन आधी ठरवून देते आणि रोजचा हिशेब त्यानुसार लिहायचा असतो. कागदावरचा उमेदवार त्यामुळे कमालीचा काटकसरी दिसतो. निकालानंतर ३० दिवसांत सगळा हिशेब सादर करायचा असतो, आणि हे बंधन हरलेल्यालाही आहे. पडलेला माणूस मोजणीच्या दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याचे फोन टाळू लागतो आणि बिलांची पिशवी घरात कुठेतरी पडून राहते. हिशेब दिला नाही तर आयोग त्याला तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो.